टांगणी आणि रहस्य : ब्रिटिश कृष्णधवल उत्कंठापट व मराठी श्रोता

मराठीत चित्रपटाच्या एका प्रकाराला ‘रहस्यपट’ हे नाव रूढ झाले असून त्या नावानेच या प्रकाराच्या समीक्षेचे बरेचसे नुकसान केले आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा. ‘रहस्य’ या शब्दाचा रोख जे दडलेले आहे त्याकडे असतो. जे दडलेले आहे ते एकदा उघडे पडले की शब्दाचे काम संपते आणि त्याबरोबर कृतीचेही संपते, अशी समजूत या नावातच अनुस्यूत आहे. म्हणूनच ‘खुनी कोण हे कळल्यावर चित्रपट पुन्हा कशाला पाहावयाचा?’ हा प्रश्न मराठी प्रेक्षकांस इतका स्वाभाविक वाटतो. १९२९ ते १९४९ या वीस वर्षांत इंग्लंडात जे कृष्णधवल चित्रपट निर्माण झाले आणि जे आजही पुनःपुन्हा पाहिले जातात, त्यांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न गैरलागू ठरतो. त्यांतील अनेकांत अपराधी कोण हे फार लवकर कळते. ‘ब्लॅकमेल’मध्ये तर नायिकेच्याच हातून मनुष्य मारला जातो आणि पडद्याआड घडणाऱ्या त्या घटनेचा प्रेक्षक प्रथमपासून साक्षी असतो. तरीही चित्रपट संपेपर्यंत त्याला स्वस्थता लाभत नाही. ही अस्वस्थता रहस्याची नव्हे.

इंग्रजीत या अवस्थेस ‘सस्पेन्स’ हा शब्द आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘सस्पेन्देरे’ या क्रियापदात असून त्याचा अर्थ टांगणे, लोंबकळत ठेवणे असा होतो. मराठीने हीच प्रतिमा स्वतंत्रपणे घडविली आहे. ‘जीव टांगणीला लागणे’ हा वाक्प्रचार कोणत्याही मराठी घरात, परीक्षेच्या निकालापासून रात्री उशिरापर्यंत न परतलेल्या मुलापर्यंत, सहज वापरला जातो. ‘उत्कंठा’ या संस्कृत शब्दातही शरीराची एक अवस्था आहे, पण ती निराळी : जो येणार आहे त्याच्यासाठी मान उंचावून पाहणे. उत्कंठेत आशा असते. टांगणीत आशा व भय समतोल असतात, आणि पाय जमिनीवर नसतात. ‘रहस्यपट’ या शब्दाऐवजी ‘उत्कंठापट’ हा शब्द प्रस्तुत विवेचनात वापरला आहे तो केवळ प्रौढ भाषेच्या सोयीसाठी. खरा शब्द ‘टांगणी’ हाच, आणि तो आपल्या स्वयंपाकघरात असताना परिभाषेच्या दालनात कोणी आणला नाही हे नवलच होय.

आल्फ्रेड हिचकॉक याने १९६२ साली फ्रान्स्वा त्र्युफो याच्याशी केलेल्या दीर्घ संभाषणात हाच भेद मेजाखाली ठेवलेल्या बाँबच्या दाखल्याने स्पष्ट केला होता. बाँब आहे हे प्रेक्षकास ठाऊक नसेल तर स्फोटाचा धक्का क्षणभर बसतो. ठाऊक असेल, आणि मेजाभोवती बसलेल्या माणसांना ठाऊक नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पाही प्रेक्षकाचा जीव खालीवर करतात. हा दाखला बहुधा ज्ञानाच्या वाटपाविषयीचा म्हणून उद्धृत केला जातो. परंतु त्यातील दुसरा भाग भाषेच्या अभ्यासकाने अधिक बारकाईने पाहावयास हवा. गप्पांचे शब्द तेच राहतात, त्यांचा वाच्यार्थही तोच राहतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात त्यांचे वजन बदलते. नाट्यशास्त्रात भरताने जे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत त्यांत औत्सुक्य, शंका, त्रास व वितर्क हे चारही आहेत, आणि ‘अवहित्था’ हाही आहे. मनातील विकाराचे बाह्य चिन्ह लपविणे म्हणजे अवहित्था. मेजाभोवतीची माणसे निश्चिंत असतात. प्रेक्षक मात्र त्यांच्या वतीने शंका, त्रास, वितर्क सारे अनुभवतो. एरवी स्थायी भावाच्या आधाराने येणारे व जाणारे हे संचारी भाव या चित्रपटांत यजमान होऊन बसतात. रससिद्धांताच्या चौकटीत हा प्रकार भयानक रसात ढकलून देणे सोपे आहे, परंतु पूर्णपणे बरोबर नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. या चित्रपटांविषयी मराठी अभ्यासकांत एक समज दृढ आहे. तो असा की, त्यांतील इंग्रजी उच्चार जलद व अपरिचित असल्यामुळे मराठी प्रेक्षकाने संवाद सोडून द्यावेत, छायाप्रकाशाचा आस्वाद घ्यावा. जे हाती लागेल ते दृश्य, जे निसटेल ते शब्द. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ साली सुरू झाले, आणि त्यानंतरच्या चित्रपट-रसास्वादाच्या चळवळीने कॅमेऱ्याची भाषा वाचावयास शिकविले, ही गोष्ट मोलाचीच आहे. परंतु तीमुळेच कानाकडे थोडे दुर्लक्ष झाले. वस्तुतः या चित्रपटांची टांगणी मोठ्या प्रमाणात अर्धवट ऐकण्यावर, चुकीचे ऐकण्यावर आणि परकी भाषा न समजण्यावर उभी आहे. ज्याला इंग्रजी अर्धे समजते तो त्यांचा कमअस्सल प्रेक्षक नव्हे. कित्येक स्थळी तोच त्यांचा अभिप्रेत श्रोता आहे.

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे या तालुक्याच्या गावाचे नावच या दृष्टीने विचारार्ह आहे. धामणगावे वऱ्हाडात अनेक आहेत. एक धामणगाव गढी आहे, बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला, त्या मार्गावरील स्थानकाने या गावाला ‘रेल्वे’ हे उपपद दिले. शेजारचे चांदूरही याच रीतीने चांदूर बाजारहून वेगळे झाले. बुद्रुक आणि खुर्द ही फारसी वळणाची उपपदे जशी शतकांपूर्वी मराठी ग्रामनामांना चिकटली, तसाच हा इंग्रजी शब्द चिकटला व परका राहिला नाही. अशा गावात बोलण्याची एक लकब आपोआप घडते. मालगाडी जाऊ लागली की वाक्य मध्येच थांबते, बोलणाऱ्याचे ओठ क्षणभर तसेच राहतात, आणि गाडी निघून गेल्यावर बोलणे त्याच शब्दापासून पुन्हा सुरू होते. कोणी तक्रार करीत नाही. ज्याच्या कानाला ही सवय आहे त्याला पुढील दोन प्रसंग समजावून सांगण्याची आवश्यकता पडू नये.

पहिला प्रसंग ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ (१९३५) मधील. जॉन बकन याच्या १९१५ सालच्या कादंबरीवरून हिचकॉकने हा चित्रपट केला. नायकाच्या घरात एका स्त्रीचा खून झाला आहे. सकाळी झाडलोट करणारी बाई खोलीत येते, प्रेत पाहते आणि किंचाळण्यासाठी तोंड उघडते. ऐकू येते ती मात्र आगगाडीची शिट्टी, आणि पाहता पाहता पडद्यावर नायकाला स्कॉटलंडकडे घेऊन जाणारी गाडी येते. किंकाळी व शिट्टी यांचा हा सांधा चित्रपटविषयक पुस्तकांत संकलनाचा चमत्कार म्हणून गौरविला जातो. तो चमत्कार आहेच. पण त्याहून महत्त्वाचे असे की, मनुष्याच्या कंठाचा ध्वनी यंत्राने हिरावून घेतला आहे. त्या बाईला जे सांगावयाचे होते ते कोणाच्याही कानी पडले नाही, आणि गाडीतील माणसाला ते ऐकू आल्यासारखे तो पळत सुटला आहे.

दुसरा प्रसंग ‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८) मधील असून तो अधिक सूक्ष्म आहे. एथेल लिना व्हाइट या लेखिकेच्या १९३६ सालच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. बँड्रिका नावाच्या कल्पित देशातून निघालेल्या गाडीत आयरिस ही तरुणी आणि एक वृद्ध शिक्षिका उपाहाराच्या डब्यात बसल्या आहेत. तरुणी नाव विचारते. वृद्धा सांगते, पण गाडीच्या आवाजात ते नीट ऐकू येत नाही. तरुणीला ते व्हिएन्नाच्या प्रख्यात मनोवैज्ञानिकाचे नाव वाटते. वृद्धा वर्णाक्षरे सांगून दुरुस्ती करते, तेवढ्यात शिट्टी होते आणि तीही दुरुस्ती वाहून जाते. अखेर ती खिडकीच्या बाष्प साचलेल्या काचेवर बोटाने ‘फ्रॉय’ अशी अक्षरे लिहिते. पुढे ती नाहीशी होते. तशी कोणी स्त्री गाडीत नव्हतीच, डोक्यास मार लागल्याने तुम्हांस भास झाला, असे सारे सहप्रवासी सांगतात. आणि तरुणीची नजर एकाएकी त्या काचेवर जाते. अक्षरे आहेत. ती दुसऱ्याला दाखवू पाहते तोच गाडी बोगद्यात शिरते आणि अक्षरे पुसली जातात.

माहितीच्या वहनाविषयीचा क्लॉड शॅननचा प्रसिद्ध सिद्धांत १९४८ सालचा. गोंगाटामुळे संदेश कसा बिघडतो आणि तो वाचविण्यासाठी पुनरुक्ती कशी करावी लागते, हे त्याने गणिताने मांडले. त्याच्या दहा वर्षे आधी लंडनमधील इझ्लिंग्टनच्या लहानशा स्टुडिओत हाच विषय रंगविला गेला होता. नाव आधी उच्चारले जाते, मग त्याची अक्षरे सांगितली जातात, मग ती लिहिली जातात : एकाच संदेशाची तीन वेळा पुनरुक्ती, आणि तिन्हींचा नाश. शिवाय चौथी एक पुनरुक्ती वेगळ्याच वाहकावर चाललेली असते. वृद्धेजवळ एका गुप्त कराराचा मजकूर आहे आणि तो आहे एका लोकधुनीत. शब्द नाहीत, केवळ स्वर. शब्दावर विश्वास ठेवता येत नाही अशा जगात संदेश सुरांच्या स्वाधीन केला आहे, आणि ज्याने ती धून पाठ केली तो तरुण ऐन वेळी, परराष्ट्र कार्यालयाच्या दारात, ती विसरतो. येथे हसू येते आणि पोटात खड्डाही पडतो.

या चित्रपटातील नकाराचीही भाषिक मीमांसा करण्यासारखी आहे. कटवाले खोटे बोलतात ते समजण्यासारखे आहे. पण जे कटात नाहीत तेही खोटे बोलतात. एका वकिलास आपली चोरटी सहल उघड व्हावयाला नको आहे. चार्टर्स व कॅल्डिकॉट या दोन इंग्रज गृहस्थांना मँचेस्टरचा कसोटी सामना गाठावयाचा असल्याने गाडी थांबवून चौकशी झालेली परवडणार नाही. ‘आम्ही पाहिले नाही’ हे एकच विधान प्रत्येकाच्या तोंडी निराळ्या कारणाने येते, आणि सर्वांच्या साक्षींची बेरीज होऊन एक माणूस अस्तित्वातून वजा होतो. या दोघांच्या क्रिकेटवेडाला वऱ्हाडातील श्रोता मनापासून हसतो, त्यासाठी त्याला टिपेची गरज भासत नाही. (अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडचा कापूस ज्या लँकशायरच्या गिरण्यांकडे निघाला, त्यांचे मुख्य शहर हेच मँचेस्टर. या गृहस्थांना त्याची दखल असण्याचे कारण नाही.) नायकाचा विश्वास तरी कशाने बसतो? वृद्धेने स्वतःबरोबर आणलेल्या चहाच्या पुड्याचे वेष्टन कचऱ्यातून उडून क्षणभर काचेला चिकटते, ते पाहून. तरुणी तासभर सांगत होती, ते वाया गेले होते.

अर्धवट ऐकण्याचे सर्वांत उघड उदाहरण ‘ब्लॅकमेल’ (१९२९) मध्ये सापडते. हा चित्रपट प्रथम मूकपट म्हणून चित्रित होऊ लागला व नंतर बोलपटात रूपांतरित झाला. त्याच्या दोन्ही आवृत्त्या उपलब्ध आहेत. रात्री चित्रकाराच्या खोलीत स्वसंरक्षणार्थ सुरी चालविलेली ॲलिस सकाळी आईवडिलांबरोबर न्याहारीस बसली आहे. दारात उभी राहून एक शेजारीण खुनाविषयी अखंड बडबडत आहे. हळूहळू तिचे बोलणे अस्पष्ट होत जाते, नुसता गुणगुणाट उरतो, आणि त्या गुणगुणाटातून ‘सुरी’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द पुनःपुन्हा स्पष्ट, टोकदार, वर येत राहतो. त्याच वेळी वडील तिला पाव कापावयास सांगतात.

इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रेक्षकाला येथे एक विलक्षण ध्वनिप्रयोग ऐकावयास मिळतो. परंतु वऱ्हाडातील एखाद्या महाविद्यालयात मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यात काहीच विलक्षण नाही. तो सारे इंग्रजी चित्रपट असेच ऐकतो : गुणगुणाटाचा प्रवाह आणि त्यातून वर येणारा एखादा ओळखीचा शब्द. त्या एका मिनिटापुरती ॲलिस आपल्याच भाषेत परकी झालेली असते आणि तो परका विद्यार्थी तिच्या कानाने ऐकत असतो. भाषा कमी येण्याचा हा लाभ आहे असे सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल. परंतु ते अनुभवाशी ताडून पाहण्यासारखे आहे.

याच चित्रपटातील आणखी एक गोष्ट मराठी श्रोत्याच्या पथ्यावर पडते. ॲलिसची भूमिका करणारी ॲनी ओन्ड्रा ही चेक नटी. लंडनमधील तंबाखूविक्रेत्याच्या मुलीच्या तोंडी तिचे उच्चार शोभणारे नव्हते. नंतर आवाज भरण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून जोन बॅरी ही इंग्रज नटी चौकटीबाहेर उभी राहून ध्वनिग्राहकात संवाद म्हणे आणि ओन्ड्रा केवळ ओठ हलवी. ओठ व ध्वनी यांत किंचित फट राहिली आहे आणि ती जाणवते. पाश्चात्य समीक्षक या फटीचा दोष म्हणून उल्लेख करतात. १९३५ नंतर पार्श्वगायन रूढ झालेल्या देशातील प्रेक्षकाला मात्र एकाचे शरीर व दुसऱ्याचा कंठ हे द्वैत लहानपणापासून परिचित असते. तो ते दोष म्हणून ऐकत नाही. अपराधाने स्वतःपासून तुटलेल्या मुलीचा आवाज तिच्यापासून तुटलेला असावा, हे त्याला कथेला धरूनच वाटते.

कॅरल रीडचा ‘द थर्ड मॅन’ (१९४९) हा या परंपरेचा कळस होय. युद्धोत्तर व्हिएन्ना, चार राष्ट्रांच्या ताब्यात वाटली गेलेली. ओल्या फरसबंदीवर तिरकस चौकटीतून पडणाऱ्या सावल्या. अँटन काराशचे झिदर. छायालेखनासाठी रॉबर्ट क्रास्करला ऑस्कर पारितोषिक मिळाले ते सर्वथैव योग्य. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे अधिक भर घालण्याचे प्रयोजन नाही. चर्चा कमी झाली आहे ती एका भाषिक निर्णयाची. चित्रपटातील व्हिएन्नावासी परस्परांशी जर्मन बोलतात आणि मूळ चित्रपटात त्याचे भाषांतर दिलेले नाही. नायक हॉली मार्टिन्स हा अमेरिकन लेखक, त्याला जर्मन येत नाही. घरमालकीण आक्रोश करते, तो दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहतो. इमारतीचा रखवालदार मोडक्यातोडक्या इंग्रजीत मृताविषयी सांगताना ‘नरकात’ म्हणताना बोट वर करतो आणि ‘स्वर्गात’ म्हणताना खाली. शब्द व हस्तमुद्रा यांची ही अदलाबदल भाषा अपुरी पडल्याची खूण म्हणून विनोदी वाटते. हॅरी लाइम प्रत्यक्षात कोठे आहे हे कळल्यावर तीच अदलाबदल अचूक वाटू लागते.

पुढे रखवालदाराचा खून होतो. जमलेल्या गर्दीत चेंडू घेतलेला एक लहानसा मुलगा मार्टिन्सकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागतो. गर्दीचे चेहरे एकेक करून वळतात. ज्याला जर्मन येत नाही त्या प्रेक्षकाला, मार्टिन्सप्रमाणेच, प्रथम काहीच उमगत नाही. मग चेहऱ्यांवरून उमगू लागते. समजण्याच्या या विलंबातच टांगणी आहे. ज्याला जर्मन येते त्याला हा प्रसंग लवकर कळतो, आणि म्हणून कमी मिळतो.

येथे एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो व तो भाषांतराच्या अभ्यासकांनी मनावर घ्यावा असा आहे. अशा चित्रपटांना मराठी उपशीर्षके देण्याची कल्पना स्तुत्य होय. परंतु उपशीर्षककाराने कर्तव्यबुद्धीने जर्मन वाक्यांचेही मराठी केले तर त्याने चित्रपट समजावून दिला असे होणार नाही. त्याने तो मोडला असे होईल. मूळ प्रेक्षकाला जे कळत होते ते कळविणे हे भाषांतराचे अर्धेच काम. मूळ प्रेक्षकाला जे कळत नव्हते ते न कळू देणे हे उरलेले अर्धे. हा नियम साहित्यकृतींच्या भाषांतरालाही लागू आहे, पण पुस्तकाच्या तळटीपांत तो इतका ढळढळीत दिसत नाही. इंग्रजीचे मराठी करावे, जर्मन तसेच राहू द्यावे, आणि मराठी वाचणाऱ्याला मार्टिन्सशेजारी उभे करावे.

हा मार्टिन्स स्वस्त साहसकथा लिहिणारा लेखक आहे, हे जाता जाता ध्यानात ठेवावे. एका सांस्कृतिक मंडळाने गैरसमजाने त्याला आधुनिक कादंबरीवर व्याख्यान देण्यास बोलाविले आहे. श्रोते जॉइस व संज्ञाप्रवाह यांविषयी विचारतात आणि त्याची त्रेधा उडते. हा प्रसंग विद्यापीठीय श्रोत्यांना विशेष आवडतो, परंतु हसावे कोणाला याचा निर्णय चित्रपट त्यांच्या बाजूने देत नाही. मराठीत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांना एखाद्या पदव्युत्तर परिसंवादात असेच उभे केले असते तर काय झाले असते, ही कल्पना करून पाहावी.

‘वेन्ट द डे वेल?’ (१९४२) चा निर्देश एका वाक्यात पुरेसा आहे : इंग्रज सैनिकांच्या वेशात खेड्यात उतरलेले जर्मन ओळखू येतात ते युरोपीय धाटणीने लिहिलेल्या आकड्यांवरून आणि चॉकलेटच्या वेष्टनावरील वर्णलेखनावरून, म्हणजे भाषाभ्यासकाच्या नेहमीच्या सामग्रीवरून.

थॉरल्ड डिकिन्सनचा ‘गॅसलाइट’ (१९४०) हा पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या नाटकावरून झाला. पती पत्नीला तिच्या स्मृतीविषयीच संशयात पाडतो. वस्तू हलवितो आणि ती तू हलविलीस असे सांगतो. रात्री घराच्या वरच्या, बंद मजल्यावर जाऊन दडविलेली माणके शोधतो. तेथे तो दिवा लावतो तेव्हा खाली तिच्या खोलीतील दिव्याची ज्योत मंदावते. ती हे पाहते आणि आपल्यालाच भ्रम झाला असे मानते. या नाट्याच्या नावावरून इंग्रजीत एक क्रियापदच निर्माण झाले आणि गेल्या काही वर्षांत मराठी संभाषणातही ‘गॅसलायटिंग’ हा शब्द सर्रास शिरला आहे. शब्द आला, पण त्यातील दिवा हरवला. मराठीत ग्यासबत्ती म्हणजे लग्नाच्या वरातीत डोक्यावरून नेलेली, घासलेटावर पेटणारी, हवा भरलेली बत्ती. ती स्वयंपूर्ण असते. एक पेटली म्हणून दुसरी मंदावत नाही. चित्रपटातील वायू मात्र एकाच नळातून साऱ्या घराला येतो, हे कळल्याखेरीज त्यातील यातना कळत नाही. तथापि वऱ्हाडातील श्रोत्याला हे समजावून देणे अवघड नाही. शेजारच्या शेतात मोटारपंप सुरू होताच आपल्या घरातील दिव्याचा उजेड पिवळा पडतो, हे त्याने अनेकदा पाहिलेले असते. कोणीतरी कोठेतरी काहीतरी चालू केले आहे, हे तो त्या पिवळेपणावरून जाणतो. पत्नीलाही ते ठाऊक होते. तिला ते बोलू दिले गेले नाही, एवढेच.

आता मराठीकडे. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवर आधारलेला कृष्णधवल चित्रपट या जातीचा मराठीतील सर्वांत समर्थ प्रयत्न होय. त्याला मराठी चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले आणि दोन वर्षांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. काशीनाथ घाणेकर व भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. पत्नीचा मृत्यू डोळ्यांदेखत झाला आहे असा वकील नायक. आणि तिच्यासारखीच दिसणारी, अटकेत असलेली एक स्त्री, जी ‘मीच तुमची पत्नी’ असे म्हणते. या स्त्रीजवळ पुरावा म्हणून केवळ बोलणे आहे. पतिपत्नींच्या सहजीवनातील, तिसऱ्या कोणास ठाऊक असू नयेत अशा गोष्टी ती न्यायालयात सांगते. प्रत्येक खाजगी शब्द उच्चारला जाताच दोन गोष्टी होतात : तिचा दावा बळकट होतो, आणि तो शब्द खाजगी राहत नाही. ‘द लेडी व्हॅनिशेस’मध्ये स्त्री नाही असे सारे म्हणतात आणि ती असते, येथे स्त्री समोर उभी आहे आणि ती नाही असे तिचा पतीच म्हणतो. ही कल्पना ब्रिटिश चित्रपटांच्या तोडीची आहे. ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांना दत्ता डावजेकरांनी दिलेली चाल आशा भोसले यांच्या आवाजात येते, तेव्हा पडद्यावरच्या दोन स्त्रियांचा चेहरा एक आणि गाणारा कंठ तिसरीचा, अशी स्थिती होते. ‘ब्लॅकमेल’मधील ती फट येथे मराठी कानाच्या सवयीत मुरून अदृश्य झाली आहे.

असे असूनही ‘पाठलाग’ दुसऱ्यांदा पाहताना काहीसा उणा वाटतो, आणि त्याचे कारण या विवेचनाच्या प्रारंभीच आलेले आहे. शेवटी उलगडा होतो तो जुळ्या बहिणींचा. हा उलगडा रहस्याचा आहे, टांगणीचा नव्हे. पत्नीच्या शब्दावर पतीने विश्वास ठेवला नाही, ही गोष्ट जुळ्या बहिणीच्या खुलाशाने मिटत नाही. पण चित्रपट ती मिटली असे समजून संपतो. ज्या बोलण्यावर सारा डोलारा उभा होता त्या बोलण्याला शेवटी किंमत उरत नाही. वस्तुस्थितीने निकाल लावला की शब्दांची सुटका होते. परांजपे यांच्या कुशलतेविषयी हा आक्षेप नाही. ‘रहस्यपट’ या नावाने जी अपेक्षा निर्माण केली होती ती त्यांनी चोख पुरी केली.

मराठी श्रोत्याच्या लाभांबरोबर त्याची हानीही नोंदली पाहिजे. या चित्रपटांत उच्चारांवरून माणसाचा वर्ग क्षणात कळतो. झाडलोट करणारी बाई, पोलीस, सरदारपुत्र यांची इंग्रजी एकच नसते, आणि इंग्रज प्रेक्षक संशय कोणावर घ्यावयाचा हे पुष्कळदा त्यावरून ठरवितो. दिग्दर्शक मग त्याच सवयीचा उपयोग करून त्याला फसवितो. ‘द थर्टीनाइन स्टेप्स’मधील खलनायक हा अत्यंत सुसंस्कृत बोलणारा प्रतिष्ठित गृहस्थ असतो. मराठी श्रोत्याला सारे उच्चार सारखेच दूरचे वाटत असल्याने तो या सापळ्यात सापडत नाही आणि म्हणून त्यातील मौजेलाही मुकतो. पुणेरी प्रमाणभाषा बोलणारा सभ्य आणि वऱ्हाडी बोलणारा भाबडा, हे समीकरण ज्या मराठी चित्रपटांनी व नाटकांनी वर्षानुवर्षे चालविले, त्यांत ‘काऊन’ म्हणणाऱ्याला खलनायक करून किंवा शुद्ध बोलणाऱ्याला खुनी करून प्रेक्षकाला असे फसविण्याचा विचार क्वचितच झाला. सामग्री हाताशी होती. ती विनोदासाठी खर्ची पडली.

ग्रॅहॅम ग्रीनच्या कथेवरून कॅरल रीडने ‘द थर्ड मॅन’च्या आदल्याच वर्षी केलेला ‘द फॉलन आयडॉल’ (१९४८) आस्वादाच्या दृष्टीने कदाचित त्याहूनही कठीण आहे. लंडनमधील एका परकी वकिलातीत राजदूताचा लहान मुलगा तेथील बटलर बेन्स याच्यावर जीव टाकतो. बेन्सने त्याला आफ्रिकेतील पराक्रमाच्या कहाण्या सांगितल्या आहेत. त्या खोट्या आहेत. बेन्सची पत्नी जिन्यावरून पडून मरते. तो अपघात आहे हे प्रेक्षकाने पाहिले आहे. मुलाला मात्र तो खून वाटतो आणि आपल्या दैवताला वाचविण्यासाठी तो खोटे बोलतो. प्रत्येक खोट्याने बेन्स अधिक अडकत जातो. अखेर पोलिसांना मृत स्त्रीच्या पाऊलखुणेचा पुरावा सापडतो आणि बेन्स सुटतो. परंतु ती खूण त्या दिवशीची नव्हे हे मुलाला ठाऊक आहे, आणि आता खरे बोलावयाचे असे त्याने ठरविले आहे. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातो, त्यांच्या बाह्या ओढतो, ऐका म्हणतो. कागदपत्रे आवरली जात असतात. कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही.